त्सुकिगासेची करडई

फुले पाहावयास म्हणून मी जपानात त्सुकिगासेला गेलो आणि तेथे मला आमच्या न्हावऱ्याच्या रानातली करडई भेटली.

नारा शहरापासून पूर्वेस डोंगरांत एक खोल नदीखोरे आहे. त्याच्या उतारांवर उमेची झाडे आहेत. उमे हे जर्दाळूच्या कुळातले, आंबट फळाचे झाड. फेब्रुवारीत, थंडी सरलेली नसतानाच, त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर पांढरी-गुलाबी फुले उमलतात. वाट चढताना आधी सुवास येतो, मग झाड दिसते.

मला वाटले, कोणा हौशी सरदाराने ही बाग लावली असावी. पण नाही! ती लावली शेतकऱ्यांनी, आणि तीही फुलांसाठी नव्हे. उमेची फळे काजळीत घोळवून, धुरी देऊन, उन्हात वाळवली की काळी 'उबाई' होते. ती क्योतोच्या रंगाऱ्यांकडे जाई. करडईच्या पाकळ्यांतला लाल रंग राखेच्या निवळीत उतरतो, पण आंबट घातल्यावाचून कापडावर बसत नाही. ते आंबट या उबाईचे.

आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीला करडईचे पाटे घालीत. काटेरी म्हणून जनावर आत शिरत नसे. कुसुंबी रंग तिचाच. आम्ही तेल ठेवले, रंग विसरलो.

१८३० मध्ये साइतो सेत्सुदो हा विद्वान त्सुकिगासेस आला. त्याच्या प्रवासवर्णनाने हे खोरे देशभर गाजले. पण कीर्तीने पोट भरत नाही. १८५६ साली इंग्लंडात पर्किनने कृत्रिम रंग शोधला. त्यामागून आलेल्या स्वस्त रंगांनी उबाईचा बाजार बसला. शेतकऱ्यांनी झाडे तोडून तुती आणि चहा लावला. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? १९२२ मध्ये सरकारने या स्थळास संरक्षण दिले. १९६९ साली ताकायामा धरण पुरे झाले आणि खालची झाडे पाण्याखाली गेली. तेव्हा वरच्या उतारांवर पुन्हा उमे लावली गेली. उबाई करणारे एक घर तेथे अजून टिकून आहे.

धरण आमच्या तालुक्यातही झाले. १९६५ मध्ये चिंचणीला घोड नदी अडवली. पाणी आले, ऊस वाढला. त्याचे मला दुःख नाही. मात्र करडई मागे पडली, तेव्हा तिच्या रंगाची आठवण ठेवणारे आमच्यात कोणी उरले नव्हते.

पुढल्या हिवाळ्यात बांधावरच्या चार झाडांच्या पाकळ्या मी खुडून आणल्या. पिवळे पाणी पुनःपुन्हा धुऊन टाकले, राखेची निवळी घातली, वर लिंबू पिळले. पंचाचा कोपरा गुलाबी झाला.

"हा रंग कुठून आणलात?" घरातल्या पोराने विचारले.

मी त्याला बांधावर घेऊन गेलो.