एस.टी.च्या पासावरचं कॉलेज

स्मरणिकेच्या समितीने लेख मागताना सुचवलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली, ए.आय.वर काहीतरी लिही." ए.आय.वर आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये रोज इतकं येतं की माझी भर नको. मला लिहायचं आहे ते बारावीनंतर आपली जी पांगापांग झाली त्याबद्दल, म्हणजे कॉलेजांबद्दल. त्यातही आर्ट्स कॉलेजांबद्दल, ज्यांचं नाव आपण कधी अभिमानाने घेतलं नाही.

आसेगावात तेव्हा उतरंड ठरलेली होती. वर मेडिकल, मग इंजिनिअरिंग, मग डी.एड., मग बी.एस्सी. आणि कुठेच नाही जमलं तर आर्ट्स. "तो आर्टले गेला" हे वाक्य "तो नापास झाला" याच्याच सुरात म्हटलं जायचं. मुलींच्या बाबतीत तर प्रश्न गुणांचा नव्हताच, एस.टी.चा होता. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं कॉलेज वाशीमला, मंगरूळपीरला, फार तर कारंज्याला. ज्या शाखेला तिथे प्रवेश मिळेल ती शाखा. आपल्या वर्गातल्या बहुतेक मैत्रिणींनी बी.ए. केलं ते असं, पासावर. मी इंजिनिअरिंगला गेले आणि गावाने माझं कौतुक केलं. कौतुक करणाऱ्यांना इंजिनिअरिंग कॉलेजात नेमकं काय शिकवतात हे फारसं ठाऊक नव्हतं, आणि आर्ट्स कॉलेजात काय शिकवतात हेही नव्हतं.

या विषयाकडे मी वळले ते ऑफिसातल्या एका बोलण्यामुळे. आमच्या अमेरिकेतल्या टीममधल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचे कॉलेजप्रवेश चालू होते. घरात महिनाभर एकच वाद: विल्यम्स चांगलं, की ॲमहर्स्ट, की स्वार्थमोर? ही तिथली नावाजलेली 'लिबरल आर्ट्स' कॉलेजं. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, अर्थशास्त्र, जोडीला गणित आणि विज्ञान, आणि सगळा भर पदवीवर. विद्यार्थी जेमतेम दीड ते दोन हजार. वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या वर. इथे जे फुकट दिलं तरी लोक नाक मुरडतात, ते तिथे एवढे पैसे मोजून घेतात, हे ऐकून मी चकित झाले आणि या कॉलेजांचा इतिहास वाचायला लागले.

तो वाचताना पहिली गोष्ट कळली ती ही की ही कॉलेजं जन्मतः मोठी नव्हती. विल्यम्स १७९३ मध्ये निघालं ते एका आडगावी. ॲमहर्स्ट १८२१ मध्ये निघालं ते गरीब पण होतकरू मुलांना शिकवून धर्मोपदेशक करण्यासाठी, लोकांनी वर्गणी करून. विल्यम्सच्याच अध्यक्षांनी तिथली नोकरी सोडून काही विद्यार्थ्यांसह ॲमहर्स्ट गाठलं. आपल्याकडे संस्थाचालकांत फूट पडून समोरच्याच रस्त्यावर दुसरं कॉलेज निघतं, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा. विल्यम्सचा आपल्याशी एक जुना धागाही आहे. तिथे शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. याच मिशनच्या सिंथिया फरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींची शाळा चालवली आणि सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं ते त्यांच्याकडे. म्हणजे अमेरिकेतल्या त्या आडगावच्या कॉलेजाचा एक दूरचा फाटा थेट आपल्या शाळेतल्या मुलींच्या बाकापर्यंत येतो.

१८२१ हे साल आपल्याकडेही महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी पुण्यात विश्रामबागवाड्यात, पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून, संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचंच पुढे पूना कॉलेज आणि १८६४ पासून डेक्कन कॉलेज झालं. टिळक, आगरकर तिथलेच. या मंडळींनी मग स्वतःचं कॉलेज काढलं, १८८५ मध्ये फर्ग्युसन. त्याला गव्हर्नरचं नाव मिळालं, पण प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्याच गोष्टीने. तिथले आजीव सदस्य वीस वर्षं शिकवायची शपथ घेत आणि महिना ७५ रुपयांच्या आसपास वेतनावर राहत. गोपाळ कृष्ण गोखले असे राहिले. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, ज्यांना कुठेही मोठी सरकारी नोकरी मिळाली असती, तेही परत येऊन इथेच शिकवू लागले आणि वीस वर्षांहून अधिक काळ प्राचार्य होते. इमारतीच्या आधी माणसं आली, हा त्या कॉलेजच्या नावलौकिकाचा सगळा हिशेब.

आपल्या वऱ्हाडात तेव्हा काय होतं? कॉलेज नावाची गोष्टच नव्हती. दादासाहेब खापर्डे बी.ए.साठी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. नागपूरला १८८३ मध्ये हिस्लॉप आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघालं, तेव्हा अंतर कमी झालं, पण परीक्षा आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाची. वाशीमच्या पोराने शिकायचं नागपुरात आणि पदवी घ्यायची गंगाकाठची! (वाशीम तेव्हा 'बासीम' होतं आणि जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ मध्ये जिल्हा मोडून अकोल्यात घातला, तो १९९८ मध्ये परत मिळाला. आपल्यातल्या बहुतेकांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा अकोला आहे तो त्यामुळे.) १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज, पुढचं विदर्भ महाविद्यालय, उघडलं. वऱ्हाडला आपलं कॉलेज मिळायला इतका वेळ लागला.

तेही सरकारी आणि शहरातलं. शेतकऱ्याच्या मुलाला तिथे शिकायचं तर राहायचं कुठे, खायचं काय? हा प्रश्न ज्यांनी हातात घेतला ते पंजाबराव देशमुख. पापळसारख्या खेड्यात जन्म, काही शिक्षण आपल्या कारंज्यात, मग फर्ग्युसन, मग एडिंबरा आणि ऑक्सफर्ड. वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतलेला हा माणूस परत आला आणि अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवलं, सगळ्या जातींच्या मुलांसाठी. शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतरची. कॉलेज निघण्याआधी वसतिगृह निघालं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पंजाबराव स्वतः फर्ग्युसनचे, पण त्यांनी फर्ग्युसनची नक्कल काढली नाही. इथल्या पोराची पहिली अडचण तत्त्वज्ञानाची नसून भाकरीची आहे हे त्यांना माहीत होतं.

मराठवाड्यात हेच बाबासाहेबांनी केलं. निजामाच्या राज्यात औरंगाबादला सरकारी कॉलेज होतं तेही इंटरपर्यंतचं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तिथे जे कॉलेज सुरू केलं त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं. नागसेनाला प्रश्न विचारून भंडावणाऱ्या राजाचं नाव कॉलेजला देण्यात सगळा अभ्यासक्रम आला. म. भि. चिटणीसांसारखे प्राचार्य, गंगाधर पानतावण्यांसारखे शिक्षक. कोणत्याही यादीत मिलिंदचा नंबर तेव्हा लागला नसता. पण दलित साहित्याचा इतिहास लिहायचा तर मिलिंदच्या वर्गांतून आणि वसतिगृहातून जावंच लागतं. 'अस्मितादर्श' चालवणारे पानतावणे तिथलेच.

आणखी एक उदाहरण देते, थोडं पूर्वेकडचं. राजनांदगाव या जुन्या संस्थानी गावात १९५७ मध्ये दिग्विजय कॉलेज निघालं. दुसऱ्याच वर्षी तिथे गजानन माधव मुक्तिबोध शिकवायला आले. घरची भाषा मराठी, लिहायचे हिंदीत, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. हिंदीतला एवढा मोठा कवी शेवटच्या आजारपणापर्यंत एका लहान गावच्या नव्या कॉलेजात पोरांना शिकवत होता. त्या वर्गात बसलेल्या मुलांना जे मिळालं ते कोणत्या रकान्यात भरायचं?

मग या कॉलेजांची पत गेली कधी? माझ्या मते १९८३ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ झालं आणि आपल्या भागातली कॉलेजं नागपूरपासून सुटली. त्याच वर्षी राज्य सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. मी ज्या लाटेवर बसून शिकले ती इथली. हुशार म्हणून निवडलेली मुलं तिकडे गेली, आणि आर्ट्सला उरलेल्यांचं कॉलेज हे नाव पडलं. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत एका साप्ताहिकाने कॉलेजांची पहिली क्रमवारी छापली. ती कशी केली होती? कॉलेजांच्या अध्यक्षांना पत्र पाठवून, तुमच्या मते कोणतं कॉलेज चांगलं असं विचारून. म्हणजे जे आधीच प्रसिद्ध ते प्रसिद्ध ठरलं. पुढे त्यात आकडे आले, पण लोकमताचा भाग राहिलाच. रीड नावाच्या एका कॉलेजने १९९५ मध्ये आम्ही माहिती देणार नाही असं सांगून टाकलं. त्यांचा मला आदर वाटतो.

आपल्याकडे १९९४ मध्ये नॅक आलं आणि २०१६ पासून एन.आय.आर.एफ.ची यादी. नॅकची समिती येणार म्हटल्यावर भिंतींना रंग आणि दारात रांगोळी, हे आपल्यातले जे प्राध्यापक झाले ते जास्त रंगवून सांगतील. माझी तक्रार रांगोळीबद्दल नाही, मोजमापाबद्दल आहे. एखाद्या प्रोग्रॅमची गुणवत्ता आम्ही नुसतं बाहेर काय पडलं यावर ठरवत नाही, आत काय गेलं होतं तेही बघतो. ज्या कॉलेजात ९५ टक्केवाले आत जातात आणि चांगल्या नोकऱ्या घेऊन बाहेर पडतात, त्या कॉलेजने नेमकं केलं काय? आणि जिथे घरातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी आत जाते आणि तीन वर्षांनी ग्रामपंचायतीत उभी राहून अर्ज वाचून दाखवते, त्या कॉलेजने काय केलं? प्रतिष्ठा पहिल्याला मिळते. दर्जा कुणाचा, हा प्रश्न माझ्या लेखी उघडा आहे.

आता दुसरी बाजू. आपल्या भागातली बरीच छोटी कॉलेजं खरोखरच वाईट होती आणि आहेत. कायमच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दोन-दोन गावं करून घर चालवतात, ग्रंथालय कुलपात आणि अभ्यास गाईडवर. लहान असणं हा गुण तेव्हाच, जेव्हा लहान वर्गात शिकवायला माणूस असतो. विल्यम्समध्ये दोन-चार विद्यार्थी आणि एक प्राध्यापक असे तास होतात. आपल्याकडेही समोर दोन-चारच विद्यार्थी असतात, पण बाकीचे आलेले नसतात म्हणून! तरीही एखादे मराठीचे सर, एखाद्या इतिहासाच्या मॅडम अशा असतातच की ज्यांनी स्वतःच्या घरची पुस्तकं मुलींना एस.टी.त वाचायला दिली. आपल्या मैत्रिणींच्या बोलण्यात अशी नावं येतात. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला अभ्यासाबाहेरचं पुस्तक कोणी हातात ठेवलं नाही. त्यांच्याकडे विषय निघाला की त्या वाद घालतात, उतारे आठवतात. मी गुगल करते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिबरल आर्ट्सचं मोठं कौतुक आहे, बाणभट्टाच्या कादंबरीतल्या चौसष्ट कलांपर्यंत. त्याच धोरणात असंही आहे की उच्च शिक्षणाच्या संस्था मोठ्या, बहुशाखीय, तीन हजार किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या व्हाव्यात. या मापाने विल्यम्स, ॲमहर्स्ट आणि स्वार्थमोर तिन्ही नापास. त्यांना फरक पडत नाही. विल्यम्सचा निधीच तीन अब्ज डॉलरच्या वर आहे, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांचा मोठा वाटा आहे. तालुक्याच्या कॉलेजला फरक पडेल. ते एखाद्या मोठ्या संस्थेत विलीन झालं किंवा बंद पडलं, तर संध्याकाळच्या एस.टी.ने घरी परतणारी मुलगी अकोल्याला खोली करून राहणार नाही. ती घरीच राहील.

डेक्कन कॉलेजवर ही वेळ १९३४ मध्येच आली होती. सरकारने काटकसरीचं कारण देऊन ते बंद केलं. शंभरावर वर्षांची परंपरा, टिळक-आगरकरांचं कॉलेज, आणि कुलूप. तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टात गेले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेली देणगी शिक्षणासाठी आहे, सरकारला ती जागा आणि पैसा मनाला येईल तसा वापरता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. पाच वर्षं गेली. १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पुन्हा उघडलं, या वेळी भाषा आणि पुरातत्त्वाची संशोधन संस्था म्हणून. आजही ते येरवड्याला चालू आहे.