कलेच्या पुस्तकात आमचा जलसा कुठे आहे?

नाशिकमध्ये कलेवरच्या पुस्तकांची चर्चा निघाली की गाडी दादासाहेब फाळक्यांपाशी येऊन थांबते. फाळके त्र्यंबकेश्वरचे, १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यांचा, यात वाद नाही. त्यात तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, कारण त्या काळी बाई रंगमंचावर येतच नव्हती, असेही सरसकट लिहिले जाते. कोणत्या समाजातली बाई? हिवरगावची पवळाबाई त्याआधीच तमाशाच्या बोर्डावर उभी होती. तिची मोजदाद करायला ही पुस्तके तयार नाहीत.

म्हणून आमच्या वाचन गटाने सुरुवात दुसरीकडून केली. पहिले पुस्तक घेतले शाहीर भीमराव कर्डक यांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य', १९७८ सालचे. कर्डक नाशिक जिल्ह्यातलेच. महत्त्वाचे म्हणजे हा कुणा प्राध्यापकाने बाहेरून केलेला अभ्यास नाही. ज्याने गावोगाव जलसा नेला त्यानेच तो लिहून ठेवला.

काळ आठवा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' ही पत्रे निघाली खरी, पण महारवाड्यात ती वाचू शकणारे किती होते? ढोलकी आणि तुणतुणे मात्र सगळ्यांना कळत होते. बाबासाहेबांचा विचार त्यावर बसून वस्तीवस्तीत पोहोचला.

चर्चेत एका तरुणाने विचारले, हा तर प्रचार झाला, याला कला का म्हणायचे? प्रश्न चुकीचा नाही, पण तो जलशालाच का विचारला जातो? देवळाच्या कीर्तनाला कुणी विचारत नाही! जलसाकारांनी तमाशाची चौकट घेतली आणि आतला माल बदलला. गणातली देवाची आळवणी गेली, गवळणीतली छेडछाड गेली, वगाच्या जागी शिक्षण, दारू, मेलेली जनावरे ओढण्याची सक्ती हे विषय आले. सत्यशोधक जलशांनी ही वाट आधीच मोकळी केली होती. लोकांच्या अंगवळणी पडलेला प्रकार मोडायचा आणि तरी लोक उठून जाणार नाहीत असे करायचे, हे कसबी कलावंताचेच काम आहे.

पांडवलेण्यांत दान देणाऱ्यांची नावे दगडात कोरलेली आहेत. गौतमी बलश्री आहे, उषवदात आहे. छिन्नी चालवणाऱ्यांची नावे कुठे आहेत? जलशाचीही तीच गत होणार होती. कर्डकांनी लेखणी हातात घेतली म्हणून थोडे वाचले. पण एका पुस्तकावर किती भार टाकायचा? झिलकरी, ढोलकीवाले, गाडीभाडे जमवणारे कार्यकर्ते यांच्या आठवणी त्या त्या घरांतच आहेत, आणि ती पिढी आता जवळजवळ संपली आहे.

पुढच्या बैठकीला वामनदादांचे 'माझ्या जीवनाचं गाणं' घेतले आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी अक्षर शिकला आणि मग लिहीतच राहिला. ज्यांच्या घरी जुन्या गाण्यांच्या वह्या असतील, त्यांनी त्या सोबत आणाव्यात. मोबाईलवर फोटो काढून वह्या तिथल्या तिथे परत देऊ.