अ‍ॅमस्टरडॅममध्ये खरंच 'सगळं चालतं' का?

अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन आलात की लोक डोळे मिचकावत एकच प्रश्न विचारतात, "तिथे म्हणे सगळं चालतं?" एका कॉन्फरन्सहून परतल्यावर मलाही लॅबमध्ये हेच विचारलं गेलं आणि मी हसून 'हो' म्हणालो. आज त्या 'हो'ची तपासणी करूया. कारण तुमच्या रिसर्च प्रपोजलमध्येही असं एखादं 'सगळ्यांना माहीत असलेलं' वाक्य लपलेलं असतं.

तिथल्या रेड लाइट भागातच, कालव्याकाठी एक जुनं घर आहे. आता ते म्युझियम आहे. 1578 मध्ये शहराची सत्ता प्रोटेस्टंटांकडे गेली आणि पुढे कॅथलिकांच्या उघड उपासनेवर बंदी आली. तरीही यान हार्टमन या कॅथलिक व्यापाऱ्याने 1663 पर्यंत या घराच्या माळ्यावर अख्खं चर्च उभं केलं. अधिकाऱ्यांना अशा चर्चची कल्पना असायची. अट एवढीच, की रस्त्यावरून ते चर्च आहे हे दिसता कामा नये.

कायद्याने मनाई, पण ठरलेल्या मर्यादेत काणाडोळा. यासाठी डच भाषेत 'खेडोखेन' असा खास शब्दच आहे. आजची कॉफीशॉप्स याच तत्त्वावर चालतात. गांजा कायद्याने बंदच आहे. पण एका गिऱ्हाइकाला 5 ग्रॅमपर्यंत विकला आणि दुकानातला साठा 500 ग्रॅमच्या आत ठेवला, तर सहसा खटला भरत नाहीत. म्हणजे 'सगळं' चालत नाही. अटींवर चालतं.

मग पुढचा प्रश्न: विचारांच्या बाबतीत अट कोणती होती?

इथे दोन माणसं शेजारी ठेवून बघा. आद्रियान कूरबाख हा अ‍ॅमस्टरडॅमचा डॉक्टर आणि वकील. 1668 मध्ये त्याने परक्या, अवघड शब्दांचे अर्थ सांगणारा कोश काढला. त्यात धर्ममतांवर कडक टीका होती. पुस्तक डच भाषेत, म्हणजे सामान्य लोकांच्या भाषेत, आणि स्वतःच्या नावावर. त्याला पकडून दहा वर्षांची कैद सुनावली गेली. 1669 मध्ये तो कैदेतच वारला.

दुसरा स्पिनोझा. 1670 मध्ये त्याचा धर्म आणि राज्यसत्ता यांवरचा ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅममध्येच छापला गेला. पण लॅटिनमध्ये, लेखकाचं नाव न देता आणि छपाईचं ठिकाण म्हणून चक्क हॅम्बुर्ग टाकून! त्याला कैद झाली नाही.

'बघा, भाषेमुळे फरक पडला!' असं लगेच लिहून मोकळे होऊ नका. इथे दोन व्हेरिएबल एकदम बदलले आहेत, भाषा आणि नाव. प्रयोगशाळेत आपण एक स्थिर ठेवून दुसरं बदललं असतं. इतिहासात ती सोय नाही, म्हणून तिसरा पुरावा शोधावा लागतो.

तो आहे 1671 मधल्या एका पत्रात. आपल्या ग्रंथाचं डच भाषांतर छापलं जाणार आहे असं कानावर येताच स्पिनोझाने मित्राला ते थांबवायला सांगितलं. नाहीतर पुस्तकावर बंदी येईल ही त्याची भीती. भाषा हा मुद्दा होता, हे निदान त्याला स्वतःला तरी वाटत होतं. पण विरोधी पुरावाही नोंदवा: 1674 मध्ये लॅटिन ग्रंथावरही बंदी आलीच. म्हणजे लॅटिन हे पूर्ण संरक्षण नव्हतं, जरा जास्त मुभा होती इतकंच.

हे वाचल्यापासून मराठीत विज्ञान लिहिताना मला कूरबाख आठवतो. अवघड शब्द लोकांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगायचे, हेच तर तो करत होता.

आता तुमचं काम. आपल्या विषयातलं असं एक ठाम वाक्य वहीत लिहा आणि त्याला तीन प्रश्न विचारा. कुणासाठी खरं? कोणत्या अटींवर? कोणता पुरावा मिळाला तर मी ते खोडेन? तिसऱ्याचं उत्तर सुचलं नाही, तर ते वाक्य प्रपोजलमध्ये घालायची घाई करू नका.