डोंगरावरच्या सायकली आणि एक वही



स्मरणिकेसाठी आपापल्या कामाविषयी किंवा छंदाविषयी लिहा, असा निरोप आला. माझे काम संगणकाच्या प्रणाली लिहिण्याचे. ते वाचताना तुम्हाला झोप येईल, म्हणून छंदाविषयी लिहिते. कॅलिफोर्नियात नोकरीला आल्यापासून मी एका हौशी माउंटन बाइक संघात आहे. या खेळाचा इतिहास जसजसा समजत गेला, तसतसे मला जाफराबाद जास्त आठवू लागले. त्याचे कारण लेखात पुढे येईलच.

माउंटन बाइक म्हणजे जाड टायरची, सरळ हँडलची, कच्च्या वाटेवर चालवायची सायकल. आपल्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, अशा घाटाच्या सायकली आपल्याकडेही आल्या आणि त्यांना आपण सगळे सरसकट 'रेंजर' म्हणू लागलो. गिअर बहुतेक सायकलींना नसायचेच, पण जाड टायर पाहूनच आपले समाधान व्हायचे. अशी सायकल कोणत्या तरी कारखान्यातल्या हुशार इंजिनिअरने शोधली असेल, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. प्रत्यक्षात ती भंगारातून आली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा परगणा आहे. तिथल्या तमालपाइस डोंगराच्या परिसरात १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या सायकली जमवत होते. श्विन कंपनीच्या १९३० ते १९४०च्या सुमाराच्या त्या जड सायकली एके काळी पेपर टाकणारी पोरे वापरत. आपल्याकडची दूधवाल्याची बावीस इंची काळी सायकल डोळ्यांसमोर आणा, फक्त तिचे टायर जाड आहेत असे समजा. अशी सायकल त्यांना अगदी कवडीमोलाने मिळे. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर काढून टाकायचे, सायकल डोंगरावर न्यायची आणि खाली सोडायची, एवढाच खेळ.

वणवा लागला तर बंब नेता यावेत म्हणून तिथल्या डोंगरात कच्चे रस्ते काढलेले आहेत. फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. अंतर सव्वातीन किलोमीटरच्या आसपास आणि उतार सुमारे ४०० मीटरचा. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे, पायडल उलटे दाबले की तो लागे. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा. पुढच्या फेरीआधी हब खोलून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत त्याला 'रिपॅक' करणे म्हणतात, म्हणून शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. पहिल्या दिवशी ॲलन बाँड्स जिंकला, कारण न पडता खाली आलेला तो एकटाच होता!

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त भावलेला माणूस म्हणजे चार्ली केली. तो शर्यत भरवायचा. कोण पुढे यावरची भांडणे मिटवण्यासाठी त्याने साधी पद्धत ठरवली. सगळ्यांना एकदम सोडायचे नाही, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेकाला सोडायचे. वर एक घड्याळ, खाली एक घड्याळ, दोन्ही आधी जुळवून घेतलेली. आणि प्रत्येकाचे नाव व वेळ वहीत लिहायची. १९७६ ते १९८४ या काळात अशा दोन डझनांच्या आसपास शर्यती झाल्या. बक्षीस म्हणावे असे काही नव्हते, पण वही होती. म्हणून आज, जवळजवळ पन्नास वर्षांनी, आपण सांगू शकतो की गॅरी फिशरची सर्वांत जलद वेळ ४ मिनिटे २२ सेकंद, जो ब्रीझची ४ मिनिटे २४ सेकंद, आणि बायकांमध्ये वेंडी क्रॅगची ५ मिनिटे २७ सेकंद. वेंडी स्वतः फोटोही काढायची. त्या दिवसांचे जे फोटो आज पाहायला मिळतात, त्यांतले कितीतरी तिचेच आहेत.

पुढचे सगळे यातूनच झाले. जुन्या सायकली सारख्या मोडू लागल्या, तेव्हा जो ब्रीझने १९७७मध्ये या कामासाठी मुद्दाम नवी सायकल बनवली. तिचा पहिला नमुना आता अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. १९७९मध्ये फिशर आणि केली यांनी मिळून 'माउंटनबाइक्स' याच नावाची छोटी कंपनी काढली आणि ते नाव पुढे या प्रकारच्या सगळ्याच सायकलींना चिकटले. १९८१मध्ये मोठ्या कारखान्यात बनलेली 'स्टम्पजंपर' बाजारात आली. १९९०मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखल झाला. नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटयेन्स आणि इटलीची पाओला पेझो यांनी पहिली सुवर्णपदके घेतली. धूर निघणाऱ्या हबपासून ऑलिम्पिकपर्यंत जायला वीस वर्षे पुरली.

आपल्या देशातही हा खेळ हौशी लोकांच्या बळावरच वाढला. २००५पासून हिमाचलात डोंगरातली बहुदिवसीय शर्यत सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रात संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवली आणि देशाचे प्रतिनिधित्व केले. डांबरी रस्त्यावरचे उदाहरण द्यायचे तर नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू. दवाखाना सांभाळून सराव करणाऱ्या या दोघांनी २०१५च्या जूनमध्ये अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात ९ दिवसांच्या आत पूर्ण केली. संगमनेर काय, नाशिक काय, आपल्यापासून काही फार लांब नाही.

शिक्षकांनी विशेष वाचावी अशी एक गोष्ट इथे सांगते. बर्कली हायस्कूलमध्ये मॅट फ्रिट्झिंगर नावाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी १९९८मध्ये शाळेत सायकलचा क्लब काढला. २००१मध्ये आसपासच्या शाळा जोडून उत्तर कॅलिफोर्नियाची शालेय माउंटन बाइक लीग उभी राहिली आणि २००९मध्ये तिची देशव्यापी संघटना झाली. तिचे मला आवडलेले तत्त्व असे, की राखीव खेळाडू म्हणून कोणालाही बाकावर बसवायचे नाही. जो येईल तो शर्यतीत उतरेल, भले शेवटचा येवो. संघाचे गुण मोजतानाही मुलामुलींचे एकत्र धरतात. त्यामुळे मुलींना संघात घेणे हा उपकार राहत नाही, ती संघाचीच गरज होते. गणिताच्या सरांनी घातलेले गणित आहे ते!

आता आमच्या संघाविषयी. आम्ही अकरा जण आहोत. बहुतेक संगणकवाले, एक परिचारिका, एक सुतार आणि एक निवृत्त पोस्टमन. हंगाम एप्रिलमध्ये उघडतो. तेव्हा मॉन्टेरेजवळ 'सी ऑटर' नावाचा मोठा सायकल मेळा भरतो. आपल्या जत्रेसारखाच, फक्त रेवड्यांऐवजी टायर विकायला. मग बुधवारी संध्याकाळी सराव आणि एक-दोन रविवार आड कुठली ना कुठली छोटी शर्यत. भर उन्हाळ्यात आमचे डोळे डाउनीव्हिलकडे लागलेले असतात. सोन्याच्या खाणींच्या काळातले ते सिएरा पर्वतातले लहानसे गाव. १९९५पासून तिथे शर्यत होते. तिच्या एका गटाचा नियम असा, की चढाची शर्यत आणि उताराची शर्यत दोन्ही एकाच सायकलीवर करायच्या, मध्ये सुटे भाग बदलायचे नाहीत. चढाला हलकी सायकल बरी आणि उताराला दणकट बरी, तेव्हा सोयीची तिसरी सायकल कोणती हे ठरवण्यात आमच्या संघाचे अर्धे वर्ष जाते.

मी नवशिक्यांच्या गटात, चाळिशीपुढच्या बायकांत धावते आणि शेवटून पहिल्या पाचांत असते. संघात माझा खरा उपयोग वेळ नोंदवण्यासाठी. आता सायकलच्या नंबरपट्टीवर चिप असते, रेषा ओलांडली की वेळ आपोआप पडते. तरीही अंतिम रेषेवर एक माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसतोच. पट्टी चिखलाने भरते, चिप तुटते, यंत्र एखाद्याला गाळते. मग त्या कागदावरून निकाल दुरुस्त होतो. चार्ली केलीची वही अजून संपलेली नाही.

या निकालपत्रकात एक गोष्ट मी शिकले. ज्यांनी शर्यत पुरी केली त्यांची नावे क्रमाने येतात. खाली ज्यांनी सुरुवात केली पण जे शेवटपर्यंत पोहोचले नाहीत, त्यांचीही नावे येतात. पुढे फक्त 'अपूर्ण' एवढेच लिहिलेले. चेन तुटली असेल, पाय मुरगळला असेल, ऊन लागले असेल. कारण काहीही असो, नाव गाळायचे नाही. सुरुवातीच्या रेषेवर तो माणूस होता, एवढे पुरेसे आहे.

आता जाफराबादला येते. मे महिन्यात पूर्णा आणि खेळणेच्या संगमाकडे उतरणाऱ्या गाडीवाटेवर आपणही शर्यती लावल्या आहेत. तासाने भाड्याची सायकल, नळीखालून पाय घालून मारलेले हाफ पायडल, घोट्यापर्यंत फुफाटा आणि बाभळीच्या काट्यांनी झालेली पंक्चरे. सकाळी साडेनऊच्या आत सगळे उरकायचे, कारण त्यानंतर हँडलला हात लावता येत नसे. १९७६च्या त्या पोरांपेक्षा आपल्या सायकली फार वेगळ्या नव्हत्या आणि वाट तर त्यांच्याइतकीच खडबडीत होती. ब्रेकच्या बाबतीत आपण जास्तच शूर होतो. आपले गट्टू झिजले की चप्पल टायरला घासायची! फरक एवढाच, की आपल्याकडे वही नव्हती. त्यामुळे पहिला कोण यायचा, याची आज किमान चार वेगवेगळी उत्तरे मिळतील. व्हॉट्सॲपच्या गटात विचारून पाहा.

माझे उत्तर मात्र पक्के आहे. आपल्या सातवीच्या वर्गात माहोऱ्याच्या बाजूच्या एका वस्तीवरून येणारी मुलगी होती. तिचे नाव इथे लिहीत नाही, पण वाचताना तुमच्यापैकी अनेकांना ते आठवेल. वडिलांची दुधाची सायकल सुटीच्या दिवसांत तिच्या हाती यायची. तिच्यापुढे कोणी गेल्याचे मी पाहिले नाही. मुलांनी तिला दोन-तीनदा शर्यतीला घेतले, मग घेईनासे झाले. सातवीनंतर ती शाळेत आली नाही. शाळा लांब, सायकल वडिलांच्या पोटापाण्याची, धाकटी भावंडे घरी. त्या काळी हे इतके नेहमीचे होते की कोणी त्याची चर्चाही केली नाही.

पुढे शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाचा विस्तार होऊन २०११-१२पासून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या. शाळा पाच किलोमीटरच्या आत असली की मुलगी सायकलने येईल, हा त्यामागचा हिशेब. सुटीत गावी आले की सकाळी रस्त्याने ओळीने जाणाऱ्या त्या मुली दिसतात. गप्पा मारत, दोघी-तिघी शेजारी-शेजारी, मागून हॉर्न वाजला तरी बाजूला न होणाऱ्या. मला त्यांचा वेग मोजावासा वाटतो. आपल्या वर्गातल्या त्या मुलीसाठी ही योजना पंधरा-वीस वर्षे उशिरा आली.

स्नेहसंमेलनासाठी तयार झालेली आपल्या तुकडीची यादी मी पाहिली. ती दहावीच्या परीक्षेच्या यादीवरून केली आहे. साहजिक आहे, तीच सहज मिळते. पण पाचवीत आपल्याबरोबर बाकावर बसलेले कितीतरी जण त्या यादीत नाहीत. कोणी ऊसतोडीला गेले, कोणी गॅरेजमध्ये लागले, काही मुलींची लग्ने झाली. शर्यतीच्या भाषेत त्यांच्या नावापुढे 'अपूर्ण' लिहिता येईल, पण नाव तरी हवे.

म्हणून संपादक मंडळाला माझी एक विनंती आहे. शाळेच्या जुन्या प्रवेश रजिस्टरवरून पाचवीच्या वर्गाची पूर्ण यादी उतरवून घ्यावी आणि पुढच्या स्मरणिकेत ती छापावी. नावे टंकलिखित करण्याचे, तपासण्याचे काम मी इथून करीन. रोज रात्री जेवण झाल्यावर एक तास दिला तर महिन्याभरात होईल. ज्यांचे पत्ते मिळतील त्यांना पुढच्या वर्षीच्या मेळाव्याचे निमंत्रण जावे. आणि त्यातली एक जण आली, तर वेशीपासून संगमापर्यंत सायकली काढू. या वेळी घड्याळ मी आणीन, वहीही आणीन. तिच्यामागे दुसरा कोण येतो ते तेव्हा लिहून ठेवू.