अर्धसत्य (चित्रपट)

मुंबई पोलीस दलावरील गोविंद निहलानी-दिग्दर्शित हिंदी चित्रपट (१९८३).

उगम : श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही मराठी कथा; पटकथा विजय तेंडुलकर (पहा : तेंडुलकर, विजय).

वैशिष्ट्ये : उपनिरीक्षक अनंत वेलणकर (ओम पुरी) पोलीस वडिलांच्या दबावामुळे खात्यात येतो. निरीक्षक हैदर अली आणि निलंबित माइक लोबो ही पात्रे दलातील धार्मिक वैविध्य दाखवतात. प्रमुख स्त्री-पात्र प्राध्यापिका ज्योत्स्ना (स्मिता पाटील) गणवेशाबाहेरचे आहे. तिच्या पुस्तकातील दिलीप चित्रे यांची कविता वाचताना वेलणकरचा आवाज जड होत जातो.

महत्त्व : हिंदी चित्रपटाचा आणि अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार. या चित्रपटात स्त्री गणवेशाबाहेर राहिली; पुढे ‘मर्दानी’ या हिंदी पोलीसपटात (२०१४) मुंबई गुन्हे शाखेची स्त्री-अधिकारी नायिका झाली (पहा : पोलीसपट).