जुन्नरी कागद

शाळेत आपण शिवनेरी शिकलो, लेण्याद्रीची सहल केली. पण पेशवाईत नावाजलेला जुन्नरी कागद बनवणाऱ्या कागदी मंडळींचा धडा कधी नव्हता. त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे जाई. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि मुलाला ती शिकण्याचे कारण उरले नाही. पुढे १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली, तेव्हा हे काम पुन्हा शिकवले जाऊ लागले.

निवृत्तीनंतर मीही एका कार्यशाळेत गेलो. चिंध्यांचा लगदा पाण्यात ढवळून साच्यावर ताव उचलायचा. पहिले पाच फाटले. सहावा निघाला तेव्हा कळले, ही विद्या वहीत उतरत नाही, मनगटात बसते.

तो ताव शाळेला देतो आहे. मुलांसाठी हौद आणि साचा आपण सर्वांनी मिळून द्यावा, ही विनंती.