दोष कोठे आहे? : जीसीसी कंपायलरच्या दोषसंदेशांचा इतिहास (१९८७–२०१८)

‘सी’ या संगणकीय भाषेत विधानाच्या अखेरीस अर्धविराम द्यावा लागतो. एखाद्या लेखकाने ‘रिटर्न ४२’ एवढे लिहून अर्धविराम दिला नाही आणि पुढील ओळीवर महिरपी कंस बंद केला, तर दोष ४२ या अंकापुढे आहे हे कोणाही वाचकाच्या ध्यानात येते. तथापि जीसीसी या नावाने प्रसिद्ध असलेला कंपायलर १९८७ मधील आपल्या पहिल्या आवृत्तीपासून २०१७ मधील सातव्या आवृत्तीपर्यंत अशा प्रसंगी पुढच्या ओळीवरील निर्दोष कंसाकडेच बोट दाखवीत असे. २०१८ च्या आठव्या आवृत्तीत हे बोट एक ओळ वर सरकले. एवढ्याशा स्थलांतरास एकतीस वर्षे का लागावीत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्राचा वाटतो. परंतु व्याकरण म्हणजे काय आणि अशुद्ध वाक्याशी त्याचा संबंध कोणता, या भाषाशास्त्रातील जुन्या प्रश्नाशी तो निगडित आहे.

मनुष्याने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरविणे हे कंपायलरचे कार्य होय. त्यासाठी प्रथम मजकुराची रचना व्याकरणानुसार आहे की नाही, हे तपासावे लागते. या व्याकरणाचा साचा भाषाशास्त्राशेजारीच घडला. १९५६ मध्ये चॉम्स्की यांनी व्याकरणांची श्रेणी मांडली. १९६० च्या अल्गोल अहवालात बॅकस व नाउर यांच्या सूत्रपद्धतीने एका संपूर्ण संगणकीय भाषेचे व्याकरण लिहिले गेले. आणि या पद्धतीस पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना इंगरमन यांनी १९६७ मध्ये केली. १९६५ मध्ये कनुथ यांनी डावीकडून उजवीकडे वाचत जाऊन रचना ओळखण्याची रीत सिद्ध केली. तिच्या आधारे, व्याकरण पुरविले असता रचना तपासणारा भाग, म्हणजे पार्सर, आपोआप निर्माण करणारी ‘याक’सारखी साधने १९७० नंतरच्या दशकात बेल प्रयोगशाळेत तयार झाली.

या रीतीचा एक गुण असा की, ज्या पदापाशी वाक्य शुद्ध होण्याची शक्यता संपते, ते पद ती ओलांडून जात नाही. आपल्या उदाहरणात ४२ नंतर ओळ संपली तरी वाक्य संपलेले नसते; पुढील ओळीवर अधिकचिन्ह येऊन ते सुखेनैव चालू राहू शकले असते. कंस दिसताच मात्र सर्व वाटा बंद होतात. म्हणून कंसाकडे बोट दाखविणारा जुना कंपायलर व्याकरणाच्या दृष्टीने चूक नव्हता, उलट तो काटेकोरपणे बरोबर होता. व्याकरण कोठे खुंटले हे तो सांगत होता. लेखक कोठे चुकला हा निराळाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्या व्याकरणात नव्हतेच.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पात जीसीसीचा जन्म झाला. त्याचा पार्सर ‘बायसन’ या याकसदृश साधनाने निर्माण केलेला होता. त्या काळातील त्याचा संदेश ‘अमुक पदापूर्वी रचनादोष’ एवढाच असे. सोबत ओळीचा क्रमांक येई; काय हवे होते याचा उल्लेख नसे. या संदेशात यंत्र स्वतःच्या अवस्थेचे वर्णन करीत होते, वाचणाऱ्याच्या मजकुराचे नव्हे.

हे उणेपण कोणास दिसत नव्हते, असे मात्र नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेला ‘कॉर्क’ भाषेचा कंपायलर विद्यार्थ्यांच्या वर्णलेखनातील चुका स्वतःच दुरुस्त करून पुढे जात असे. छिद्रपत्रे देऊन उत्तराची दीर्घकाळ वाट पाहावी लागत असल्याने एका अक्षरासाठी सर्व खेप वाया जाणे परवडणारे नव्हते. कल्पना जुनी होती. ती ज्यावर उभी करावयाची, ती रचना जीसीसीमध्ये नव्हती.

ही रचना टप्प्याटप्प्याने घडली. पहिला टप्पा पार्सरचा. २००४ च्या ३.४ या आवृत्तीत सी++ साठी आणि २००६ च्या ४.१ या आवृत्तीत सी साठी यंत्रनिर्मित पार्सर काढून त्याजागी हाताने लिहिलेला पार्सर आला. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये प्रत्येक ठिकाणी कोणत्या पदाची अपेक्षा आहे, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असते. त्यामुळे ‘कंसापूर्वी रचनादोष’ याऐवजी ‘कंसापूर्वी अर्धविराम अपेक्षित’ असे म्हणता येऊ लागले. काय उणे आहे ते कळले. कोठे उणे आहे ते मात्र अद्याप कंसापाशीच सांगितले जाई.

दुसरा टप्पा स्थाननिर्देशाचा. इलिनॉय विद्यापीठात २००० मध्ये सुरू झालेल्या एलएलव्हीएम प्रकल्पावर आधारलेला ‘क्लँग’ हा कंपायलर ॲपल कंपनीने २००७ मध्ये सर्वांस खुला केला. मजकुरातील प्रत्येक पदाचे नेमके स्थान प्रथमपासून जपणे हे त्याचे एक उद्दिष्ट होते. म्हणून मूळ ओळ छापून तिच्याखाली खूण करणे, संबंधित भाग अधोरेखित करणे आणि दुरुस्ती सुचविणे त्यास शक्य झाले. त्याच्या कर्त्यांनी आपले संदेश जीसीसीच्या संदेशांशेजारी मांडून तुलनाही प्रसिद्ध केली.

प्रतिस्पर्धी आला आणि जीसीसी जागा झाला, असा निष्कर्ष यावरून सामान्यतः काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. हाताने लिहिलेले पार्सर क्लँग खुला होण्यापूर्वीच जीसीसीत आले होते. पुढील सुधारणांस स्पर्धेने गती दिली असेल. पण त्यांचा क्रम स्पर्धेने ठरविलेला नाही. २०१० मध्ये ओळीसोबत स्तंभाचा क्रमांक देणे नित्याचे झाले. २०१३ मध्ये मूळ ओळ व तिच्याखालील खूण आली. २०१४ मध्ये रंग आले. तोवर एका पदसमूहासाठी स्थानाचा एकच बिंदू साठविला जात असे. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत आरंभ व शेवट ही दोन्ही टोके साठविण्याची सोय झाली, तेव्हा अधोरेखन आणि दुरुस्तीची सूचना शक्य झाली. त्याच आवृत्तीत चुकलेल्या नावाच्या जागी जवळचे नाव सुचविण्याची सोय विस्तारली. तिचा आधार लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेले शब्दांतराचे माप हा होता. या काळातील बरेचसे काम रेड हॅट कंपनीतील डेव्हिड माल्कम यांनी केले. स्तंभ नसता तर खूण करता आली नसती, आणि मागील पदाचा शेवट ठाऊक नसता तर २०१८ मध्ये अर्धविरामाची जागाही दाखविता आली नसती.

या वाटचालीत एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. जीसीसीच्या चाचण्यांत मुद्दाम सदोष लिहिलेल्या प्रोग्रामांचा मोठा संग्रह आहे. कोणत्या दोषास कोणत्या ओळीवर कोणता संदेश मिळावा, याची नोंद त्या त्या प्रोग्रामातच केलेली असते. नोंदीशी न जुळणारा संदेश आला तर चाचणी ते उघड करते. मूळ मजकूर आणि हा संग्रह सर्वांस खुला असल्यामुळे दूरदेशीचा अपरिचित कार्यकर्ताही मागच्याचे काम न मोडता त्यात भर घालू शकतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे, तर हा अशुद्ध वाक्यांचा कोश होय. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये, शिकणाऱ्याच्या चुका या त्याच्या भाषाज्ञानाचा पुरावा म्हणून अभ्यासाव्यात, असे प्रतिपादन केले. कंपायलरच्या कर्त्यांनी स्वतंत्र मार्गाने तीच सामग्री गोळा केली. शुद्ध वाक्यांचे व्याकरण एका अहवालात मावते. चुकांचे व्याकरण असे एकदम लिहिता येत नाही. एकेक चूक भेटते तसतसे ते वाढत जाते, आणि त्याचा विकास संथ असण्याचे एक कारण हेही आहे.

या लाभाची किंमतही नोंदविली पाहिजे. कंसाकडे बोट दाखविणारा जुना संदेश निरुपयोगी असला तरी निश्चित होता. ४२ पुढे अर्धविराम सुचविणारा नवा संदेश उपयुक्त आहे, पण ते अनुमान आहे. लेखकास तेथे कदाचित अधिकचिन्ह आणि आणखी एक पद लिहावयाचे असेल. कॉर्कप्रमाणे दुरुस्ती परस्पर अमलात न आणता जीसीसी ती केवळ पुढे ठेवतो, याचे मर्म येथे आहे. मजकुरात काय नाही हे व्याकरण सांगू शकते. काय असावयास हवे होते हे अखेर लिहिणाऱ्यासच ठाऊक असते. एकतीस वर्षांत कंपायलर त्याच्या एक ओळ जवळ आला. उरलेले अंतर लेखकाने स्वतः ओलांडावयाचे आहे.